गाणं कुणाचं?

चैत्रातलं ऊन. कवठे महांकाळजवळच्या आमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये आम्ही बायका माल निवडायला बसलो होतो. सांगलीला कॉलेजात शिकणारी पुतणी सुट्टीला आलेली. तिनं मोबाइलवर एक इंग्रजी गाणं लावलं. आधी नुसती गिटार, मग एका बाईचा खोल, भरदार आवाज.

"काय म्हणती गं ती?" थोरल्या जाऊबाईंनी लेकीला विचारलं.

"आई, एका गरीब पोरीचं गाणं आहे. बाप दारू पितो, आई सोडून गेलेली. पोरीनं शाळा सोडून बापाला सांभाळलं. आता तिला तिथनं कुठंतरी लांब जायचंय."

जाऊबाईंचा हात थांबला. "आपल्यातलंच की हे! रचलं कुणी?"

"तिनंच. शब्द तिचे, चाल तिची, गळाही तिचाच."

त्या बाईचं नाव ट्रेसी चॅपमन. 1964 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात एका कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मली. आईनंच वाढवली. तीन वर्षांच्या लेकीला आईनं गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य आणून दिलं. पुढं पोर शिष्यवृत्तीवर शिकली. कॉलेजात असताना रस्त्याकडेला उभी राहून गायची. एप्रिल 1988 मध्ये तिची पहिली तबकडी निघाली. अकरा गाणी, सगळी तिचीच. एका गाण्यात भिंतीपलीकडच्या शेजारणीचा रात्रीचा आक्रोश आहे. त्याला गिटारचीही साथ नाही, नुसता गळा. जात्यावरच्या बाईला कुठं पेटी-तबला असतो?

त्याच वर्षी जूनमध्ये, तुरुंगात असलेल्या नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर मोठा जलसा झाला. चॅपमन आपली गाणी गाऊन गेली होती. पुढं स्टीव्ही वंडर या नामांकित गायकाच्या यंत्राचा एक भाग ऐन वेळी सापडेना. मोकळा वेळ भरायला हिला पुन्हा उभं केलं. एवढ्या थोरल्या मैदानात एकटी पोर आणि एक गिटार. पण लोक ऐकत राहिले आणि तबकडी जगभर खपली.

खरी गोष्ट पुढंच आहे. 2023 साली ल्यूक कोम्ब्स या गायकानं तिचं तेच गाणं पुन्हा गायलं आणि ते गाजलं. अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या संस्थेनं त्याला वर्षातल्या उत्तम गाण्याचं बक्षीस दिलं. हे बक्षीस असतं रचणाराचं. म्हणून पस्तीस वर्षांनी ते चॅपमनच्या पदरात पडलं. ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय. गाणं कुणीही गावो, ते कुणाचं हे नोंदलेलं होतं.

हे ऐकून जाऊबाई हळूच म्हणाल्या, "सासूबाईंच्या ओव्या आठवतात का गं?"

माझ्या काळजात चर्र झालं. 1972 च्या दुष्काळात सासूबाई खडी फोडायला जात. त्या कामावर, सुकडीवर, पाण्यावाचून विकलेल्या बैलांवर त्यांनी ओव्या रचल्या होत्या. मी लग्न होऊन आले तेव्हा पहाटे जात्यावर त्या म्हणत. मला लिहिता-वाचता येत होतं. उशाशी वहीही होती. वहीत मी काय उतरवलं? सिनेमातली गाणी! सासूच्या ओव्यांचं काय मोठं, असं वाटलं. मग गावात गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. पुढं सासूबाईही गेल्या. त्या दुपारी आम्ही दोघींनी आठवून आठवून पाहिलं. जमल्या अडीच ओव्या.

जनाबाई शहाणी. दळता-कांडता अभंग रचला आणि शेवटी आपलं नाव गुंफलं. आमच्या ओवीत मात्र भावाचं नाव येतं, लेकाचं येतं, विठ्ठलाचं येतं. रचणारीचं येत नाही.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि इथंच स्थायिक झालेले फ्रेंच संशोधक गी पॉइतवाँ यांनी हे ओळखलं. सहकाऱ्यांसह त्यांनी खेडोपाडी फिरून एक हजारावर गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या आणि गाणाऱ्या बाईचं नाव-गाव नोंदवलं. त्यांतल्या कितीतरी 2017 पासून 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून मोबाइलवर ऐकायला मिळतात.

म्हणून सांगते बायांनो, घरात म्हातारी आई, सासू, आत्या असेल तर वाट पाहू नका. आता मोबाइल घरोघरी आहे. हळदीचं जातं मांडाल तेव्हा तो जवळ ठेवा. त्यांच्या ओव्या भरून घ्या. मात्र आधी नाव, माहेर आणि गाव सांगायला लावा.

आमच्या पुतणीनं त्या अडीच ओव्या भरून घेतल्या. "आई, आधी सांग, कुणाच्या?" ती म्हणाली. जाऊबाई गोंधळल्या. सासूचं नाव आम्ही कधी तोंडानं घेतलंच नव्हतं. मग त्यांनी पदर सारखा केला आणि माहेरच्या गावासकट सासूबाईंचं पुरं नाव घेतलं.