भीती दाखवून कोणी तपासायला येत नाही

एचआयव्हीच्या औषधांनी रुग्ण दीर्घकाळ जगतो, हे बहुतेकांना ऐकून माहीत झाले आहे. तीच औषधे त्याच्या जोडीदारालाही वाचवतात, ही गोष्ट मात्र फार थोड्यांपर्यंत पोचली आहे. ज्या अभ्यासाने ती सिद्ध केली, त्यात पुण्याची जोडपी होती. एचपीटीएन ०५२ हे त्याचे नाव. नऊ देशांतली १,७६३ जोडपी त्यात होती आणि प्रत्येक जोडप्यात एकाला लागण झालेली, दुसऱ्याला नाही. भारतात हे काम चेन्नईत आणि पुण्यात भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, म्हणजे ‘नारी’त चालले. नारीच्या डॉ. शीला गोडबोले आणि डॉ. संजय मेहेंदळे यांची नावे मूळ शोधनिबंधाच्या लेखकांत आहेत. निम्म्या जोडप्यांत औषध लगेच सुरू केले, उरलेल्यांत तेव्हाच्या प्रघाताप्रमाणे रुग्णाची प्रतिकारशक्ती घसरेपर्यंत थांबले. २०११ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा ३९ जोडीदारांना नव्याने लागण झालेली होती. पण ही लागण आली कुठून? एचआयव्ही इतक्या झपाट्याने बदलतो की प्रत्येक माणसातल्या विषाणूवर त्याच्या वंशावळीची खूण राहते. दोघांच्या विषाणूंची जनुकीय रचना जुळवून पाहिली, तेव्हा ३९ पैकी २८ जणांना लागण जोडीदाराकडूनच झाल्याचे ठरले, आणि त्या २८ पैकी २७ जण औषध उशिरा सुरू केलेल्या गटातले निघाले. संसर्गात ९६ टक्के घट! प्रतिबंधाच्या संशोधनात इतका स्पष्ट कौल क्वचितच मिळतो.

२०१६ मध्ये अंतिम आकडे आले. घट ९३ टक्क्यांवर स्थिरावली. पण औषधाने विषाणू पूर्ण दबलेला असताना जोडीदाराला लागण झाल्याचे एकही उदाहरण सापडले नाही. युरोपातल्या पार्टनर या अभ्यासांनी पुढे तेच दाखवले. त्यांपैकी पुरुष जोडप्यांच्या अभ्यासात कंडोमशिवायचे सुमारे ७६ हजार संबंध मोजले गेले आणि जोडीदाराकडून आलेला संसर्ग शून्य निघाला. यामागचे जीवशास्त्र सरळ आहे. औषधे नवा विषाणू तयार होण्याची साखळी तोडतात, त्यामुळे रक्तात आणि वीर्यात किंवा योनिस्रावात पुढे जाण्याइतका विषाणूच उरत नाही. मात्र प्रतिकारशक्तीच्या काही निद्रिस्त सीडी४ पेशींच्या जनुकांत तो दडून बसतो. तिथे औषधाचा परिणाम होत नाही, आणि गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत तो पुन्हा उसळतो. गोळी रोज आणि जन्मभर का, याचे कारण हेच.

या ज्ञानाचा आपल्या बऱ्हाणपूर भागाशीही थेट संबंध आहे. देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात. २०२३-२४ च्या सरकारी अंदाजानुसार त्यांतल्या ८१ टक्क्यांना आपली लागण माहीत आहे, माहीत असलेल्यांपैकी ८८ टक्के उपचारांवर आहेत आणि उपचारांवरच्या ९७ टक्क्यांत विषाणू दबलेला आहे. म्हणजे जो एआरटी केंद्रापर्यंत, म्हणजे या औषधांच्या सरकारी केंद्रापर्यंत, पोचतो, त्याच्यावर औषध उत्तम काम करते. गळती होते ती त्याच्या आधी. पाचातल्या जवळपास एकाने चाचणीच केलेली नाही. बऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे आणि केळीचे शहर, महाराष्ट्राच्या सीमेला लागून, मुंबई-इटारसी रेल्वेमार्गावरचे. इथली माणसे कामासाठी सतत सीमा ओलांडतात. अशा ठिकाणी चाचणी आणि उपचार यांच्यात खंड पडणे सोपे असते. त्यात भीतीची भर कशाला घालायची? ‘जीवघेणा रोग’ या जुन्या धाकाने एके काळी लोकांना जागे केले असेल. आज तोच धाक चाचणीच्या आड येतो, कारण निकाल म्हणजे शिक्षा असे ज्याला वाटते तो तपासायला येतच नाही. आणि लागणीच्या पहिल्या काही आठवड्यांत, माणसाला काहीच ठाऊक नसते तेव्हा, अंगातला विषाणू सर्वाधिक असतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की विषाणू दबल्यावर संसर्ग होत नाही असे सांगितले तर लोक बेफिकीर होतील, कंडोम सोडतील. ही काळजी खोटी नाही. सिफिलिस किंवा नको असलेली गर्भधारणा यांपासून ही औषधे वाचवत नाहीत, म्हणून कंडोम राहायलाच हवा. ‘दबला आहे’ हेही रक्तातला विषाणू मोजणाऱ्या व्हायरल लोडच्या चाचणीनेच ठरते, अंदाजाने नाही. सरकारी केंद्रांत ही चाचणी २०१८ पासून नियमित सुरू झाली. शिवाय ही खात्री लैंगिक संबंधांपुरतीच आहे. सुई, रक्त किंवा स्तनपानाला ती जशीच्या तशी लागू होत नाही. हे सगळे समुपदेशकाने रुग्णाला समोर बसवून सांगावे. पण अर्धवट समजुतीच्या भीतीने मुख्य सत्यच दडवायचे, हे मला मान्य नाही. त्याची किंमत घरातल्या बाईला मोजावी लागते. गरोदरपणात तपासणी होत असल्याने पुष्कळदा पहिला रिपोर्ट तिचाच पॉझिटिव्ह येतो, आणि आजार घरात तिनेच आणला असा ठपका बसतो. उपचाराने ती निरोगी राहील आणि विषाणू दबल्यावर नवऱ्यालाही तिच्यापासून धोका उरणार नाही, हे वाक्य घरच्यांनी त्याच दिवशी ऐकले तर तिच्या घरातल्या जागेत फरक पडू शकतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने भेदभावाला मनाई केली आहे. त्या मनाईला वैज्ञानिक आधार हे वाक्य देते.

दुसरा आक्षेप नवा आहे: वर्षातून दोनदा घ्यायचे लेनाकॅपाविर हे इंजेक्शन येते आहे, मग चाचणीवर एवढा भर का? इंजेक्शनबद्दलची आशा रास्तच आहे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही, आणि हैदराबादच्या दोन कंपन्यांनी २०२७ पासून अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी ते वर्षाला सुमारे ४० डॉलरांत देण्याचे करार केले आहेत. पण ते ज्यांना लागण झालेली नाही त्यांच्यासाठी आहे. आधीच लागण असलेल्या माणसाला ते एकटेच दिले, तर विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणून पहिल्या इंजेक्शनच्या आधीही चाचणी करावीच लागते. ती सरकारी आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, विनामूल्य होते, निकाल गुप्त राहतो आणि १०९७ या क्रमांकावर माहिती मिळते. आयसीटीसीच्या दारावर हिंदी, मराठी आणि उर्दूत एवढे लिहिले गेले पाहिजे: रोज औषध घेऊन ज्याचा विषाणू दबलेला राहतो, त्याच्याकडून जोडीदाराला लैंगिक संबंधांतून एचआयव्ही जात नाही.