पाणी अचानक येत नसतं!

चंद्रपूर, वणी, उमरेडच्या कोळसा कामगार बंधू-भगिनींनो,

अपघात झाला की प्रेत घरी पोचायच्या आत कारण पोचतं: "त्याचाच निष्काळजीपणा." मेलेला माणूस उलट जबाब देत नाही, म्हणून हे खपतं.

जरा हिशेब करू. 10 डिसेंबर 1954, छिंदवाड्याची न्यूटन चिकली. खाणीत पाणी शिरलं, 63 गेले. तेव्हा तो मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. 27 डिसेंबर 1975, धनबादजवळची चासनाला: 375. 2 फेब्रुवारी 2001, त्याच धनबादेतली बागडिगी: 29.

चासनाला आणि बागडिगीत घुसलेलं पाणी जुन्या, सोडून दिलेल्या कामात साचलेलं होतं. अशा कामाच्या 60 मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही, गेलात तर पुढे बोअर मारत जायचं, हा नियम 1957 पासून आहे. म्हणजे ही 404 माणसं नियम असताना मेली. ते 60 मीटर मोजले जातात नकाशावर. नकाशा सर्व्हेअर काढतो, सही मॅनेजर करतो. फेसवरचा लोडर काढत नाही. मग निष्काळजीपणा कुणाचा?

"आमची तर ओपनकास्ट," असं म्हणणाऱ्यांनी झारखंडची लालमटिया आठवावी. 29 डिसेंबर 2016 ला ओबीचा ढिगारा कोसळला आणि 23 जण गाडले गेले. ठेकेदाराची माणसं होती. कुणाच्या हजेरीवर, कुणाच्या जबाबदारीवर, हा घोळ आपल्याकडेही रोजचाच आहे.

2017 च्या नियमावलीने प्रत्येक कोळसा खाणीला सेफ्टी मॅनेजमेंट प्लॅन सक्तीचा केला. कागद चांगला आहे, आमचं भांडण कागदाशी नाही. पण तो ऑफिसच्या कपाटात इंग्रजीत झोपलेला असतो. आपल्या वाट्याला येतो सुरक्षा सप्ताहाचा बॅनर, शपथ आणि स्टीलचा डबा.

डबा घ्या, हरकत नाही. पण सेफ्टी कमिटीच्या पुढच्या बैठकीत तो प्लॅन मराठीत आणि हिंदीत मागा. जुन्या कामाचा नकाशा टेबलावर पसरायला लावा. ठेकेदारी कामगाराला शेजारी बसवा. भेग, पाझर, सुटलेलं छत दिसलं तर तोंडी सांगून सोडू नका. लिहून द्या, तारीख टाका, पोच घ्या, एक प्रत खाण सुरक्षा महानिदेशालयाला पाठवा.

उद्याच्या पहिल्या पाळीपासून सुरू करा.

— खाणीत उतरणारे काही कामगार