लेकीच्या घरी बाबा

लग्न झालेल्या मुलीकडे तिचे वडील राहायला आले, की शेजारणी आधी विचारतात, “किती दिवस मुक्काम?” त्यातून ती घरी शिकवण्या घेणारी असली, तर पुढचं वाक्य ठरलेलं, “बरं झालं बाई, तू घरीच असतेस!”

मैत्रिणींनो, घरी असणं म्हणजे रिकामं असणं का? आमच्या भंडारा-गोंदियाकडे कितीतरी बायांनी मांडीवर सूप घेऊन तेंदूच्या पानांच्या विड्या वळल्या आणि संसार चालवले. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणारीलाही कामगार मानलं. कायद्याला जे दिसलं, ते घरच्यांना मात्र दिसत नाही!

इथे अर्जुनी मोरगावात माझी सकाळ शाळेत जाते आणि दुपारी ३ ते ६ घरी शिकवण्या. बाबा ७८ वर्षांचे. ऐकू कमी येतं, पण हाक खणखणीत! चष्मा, पाणी, पंखा, दर दहा मिनिटांनी काहीतरी. बरेचदा हाक पाण्यासाठी नसतेच. कुणी जवळ आहे ना, एवढंच पाहायचं असतं. तेव्हा वैतागून काय उपयोग?

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवून टाकल्या. अडीचला चहा. त्याच वेळी चष्मा, गोळ्या आणि पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी ठेवायचा. म्हातारपणी तहान कमी लागते, आणि आमच्याकडचा मे महिना तर विचारूच नका! डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल, तर तांब्या संध्याकाळपर्यंत रिकामा व्हायला हवा. न्हाणीत शेवाळ राहू देऊ नये, धरायला दांडी बसवून घ्यावी. रात्री खाटेपासून संडासापर्यंत दिवा असावा. झोपेतून उठल्यावर मिनिटभर खाटेवरच बसावं, मग उभं राहावं.

आणि हो, वडीलधाऱ्यांना काम द्यावं. आमचे बाबा तिसरीच्या मुलांचे पाढे घेतात. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला, की वडशाच्या कोणत्या कंपनीचं नाटक कुठे आहे, ही खबर त्याच मुलांकडून काढतात. तीन तासांत आता जेमतेम दोन हाका येतात.

राहिला पैशाचा प्रश्न. तो काढायला आपण लाजतो, लाजू नये. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. आई-वडिलांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यातही मुलगा आणि मुलगी दोघांवर जबाबदारी आहे. म्हणजे आपली जबाबदारी आहेच, पण ती एकटीची नाही. भावाशी गोडीनं बोलून घ्यावं. औषधांचा खर्च कुणी करायचा, आपण आजारी पडलो तर बाबांना कोण नेणार, नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला त्यांच्याबरोबर कोण जाणार, हे एका कागदावर लिहून ठेवावं. यजमानांशीही हे सगळं मोकळेपणानं बोलावं. मनात ठेवलं, की ते पुढे भांड्यांच्या आदळआपटीतून बाहेर पडतं!

एक सोपा उपाय उद्याच करून पाहा. आपल्या कामाची वेळ दारावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहा. बाबांना दिसतेच, शिवाय गप्पा मारायला येणाऱ्या शेजारणींनाही वाचता येते.