हलती चित्रे आणि अडलेले वाचन

कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलला खर्डीनंतर उंबरमाळी हे छोटे स्थानक लागते. तानसा व भातसा ही मुंबईची तहान भागविणारी धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही येथेच आहेत. पाणी येथून मुंबईला जाते. शाळेसाठी बोलकी, हलती चित्रे मात्र शहरांतून इकडे येतात.

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठण्याचा संकल्प केंद्राने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियानाद्वारे सोडला. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २७.१ टक्केच आढळली. यावर उपाय म्हणून पडद्यावरचे तयार पाठ पुढे केले जातात. परंतु पडद्यावर चित्र धावत असते, आवाज सारे सांगत असतो. मग खालच्या अक्षरांकडे मुलाने पाहावेच कशासाठी? करमणूक होते, वाचन होत नाही.

हीच चित्रे मुलांनी स्वतः केली तर प्रश्नाचे स्वरूप पालटते. 'विहीर' हा शब्द घ्या. उच्चारात 'व' आधी आणि 'इ' नंतर. कागदावर मात्र ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे जाऊन बसते. 'ही'ची दीर्घ वेलांटी उजवीकडे. मोठ्यांच्या हे ध्यानातही येत नाही; नवशिका मूल नेमके तेथेच अडखळते. कागदाची कापलेली वेलांटी 'व'वरून तसूतसूने सरकवीत, प्रत्येक वेळी मोबाइलने छायाचित्र टिपणाऱ्या मुलाला ती कोठे बसते हे निराळे सांगावे लागत नाही. सेकंदाला आठ चित्रे धरली तर चार सेकंदांना बत्तीस लागतात. तितक्या वेळा ते अक्षर त्याच्या हाताखालून जाते. मग विहिरीत हंडा सोडायचा आणि खालचे वाक्य मुलांनीच रचायचे. घरी ठाकरी वा कातकरी बोलणाऱ्या मुलांनी ते आधी आपल्या बोलीत रचले, तर शिक्षकाने नाक मुरडू नये. शेवटी चित्र झाकून तेच वाक्य वाचून घ्यावे. अन्यथा मूल चित्रावरून अंदाज बांधते आणि आपण त्याला वाचन समजतो.

यात परदेशी असे काही नाही. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) पूर्वी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याचे वाढणे असेच एकेक चित्र टिपून दाखविले होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा शिंपले, पाने, खडे हेच शिक्षणाचे साहित्य झाले. मोबाइल हा त्या खड्यांच्या पंक्तीतला, एवढेच.

खरी अडचण साधनांची नाही, वेळेची आहे. दोन शिक्षकी शाळेत एकाच गुरुजींसमोर दोन-तीन इयत्ता बसतात, आणि माहिती भरण्याचे तक्ते वेगळेच. बत्तीस चित्रांना दोन-तीन तासिका सहज जातील आणि दैनंदिनीत त्यांची नोंद 'एक शब्द' एवढीच होईल. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने ती नोंद पाहून अभ्यासक्रम किती मागे पडला असे विचारण्याऐवजी, त्या मुलाला पाटीवर 'विहीर' लिहून वाचायला सांगावे.