लोणारचं पाणी गुलाबी का झालं होतं?

जून 2020 मध्ये बुलढाण्याचं लोणार सरोवर गुलाबी झालं आणि फोटो व्हायरल झाले. पहिला संशय होता 'ड्युनालिएला' या सूक्ष्म शेवाळावर. खाऱ्या पाण्यात पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. ड्युनालिएला ग्लिसरॉल तयार करून ते आत धरून ठेवतं. खारेपणा आणि ऊन वाढलं, की ते बीटा-कॅरोटीन बनवतं आणि पाणी लालसर दिसतं.

पण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला नमुन्यांत सापडले 'हॅलोआर्किया', म्हणजे मिठात वाढणारे गुलाबी सूक्ष्मजीव. पाऊस नव्हता, बाष्पीभवनाने खारेपणा वाढला आणि त्यांचं फावलं.

म्हणजे हा रंग चमत्कार नव्हता, पाण्यातल्या मिठाचा हिशोब होता. सरोवरात सांडपाणी मिसळत राहिलं, तर हाच हिशोब बिघडतो आणि मिठावर जगणाऱ्या या जीवांचं घरच धोक्यात येतं.