दोष माध्यमाचा की निवडणाऱ्याचा?

‘टीव्हीने पिढी बिघडवली, मोबाईलने माणसे भडकवली,’ असे म्हणून सुशिक्षित समाज मोकळा होतो. माध्यम जणू मांत्रिक आणि प्रेक्षक त्याच्या मुठीतले बाहुले! हा समज सोयीचा आहे, कारण तो प्रेक्षकाला जबाबदारीतून मुक्त करतो. आणि म्हणूनच तो घातक आहे.

१९४५ साली न्यूयॉर्कमध्ये वृत्तपत्र वितरणाचा संप झाला. सुमारे दोन आठवडे लोकांना वृत्तपत्र मिळेना. नेमके काय हरवले, असे संशोधक बर्नार्ड बेरेलसन याने वाचकांना विचारले. बहुतेकांनी आधी गंभीर बातम्यांचे नाव घेतले. खोदून विचारता निराळेच निघाले. कोणाला रेडिओचे वेळापत्रक हवे होते, कोणाला चारचौघांत बोलायला विषय, तर कोणाला केवळ रोजच्या सवयीचा विरंगुळा. माध्यम माणसाचे काय करते याइतकाच, माणूस माध्यमाचे काय करतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे, असे सांगणारी विचारधारा पुढे एलिहू काट्झ प्रभृतींनी मांडली.

वऱ्हाडाला हे अनुभवाने ठाऊक होते. शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीभोवती गाव जमे, ते भक्तीसाठी आणि एकत्र येण्याच्या ओढीनेही. गावची खबर आणि निधनवार्ता यांसाठी अकोल्याची ‘देशोन्नती’ वा अमरावतीचा ‘हिंदुस्थान’, हवामान आणि शेतीसल्ल्यासाठी आकाशवाणी, दिवसभराचा शीण घालवायला मालिका, अशी वाटणी घरोघर होत आली. गरज बदलली की माध्यम बदलते. यात कसला अडाणीपणा? हा तर विवेक!

मग मोबाईल हाती येताच हा विवेक कोठे गेला? नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती पेटली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद करावे लागले. मे २०२३ मध्ये अकोल्यात समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दंगल उसळली, एकाचा बळी गेला आणि तेथेही तोच उपाय योजावा लागला. इंटरनेट बंद करता येते. ज्या भुकेसाठी माणूस ते उघडतो, ती भूक मात्र बंद करता येत नाही. सर्वांआधी आपल्याला कळावे, आपल्या गटात आपले वजन वाढावे, आधीच ठरवलेल्या मताला दुजोरा मिळावा, अशी ही भूक आहे. खातरजमेचे कष्ट न घेता पुढे ढकललेला संदेश ती फुकटात भागवतो.

कंपन्याच मोहजाल विणतात, असा यावर आक्षेप घेतला जाईल. तो खराही आहे. त्यांना वेसण घालणे हे कायद्याचे काम. परंतु बटण दाबणारा अंगठा कंपनीचा नसतो. ज्याला समाज घडवायचा आहे, त्या कार्यकर्त्याने तर ही पळवाट मुळीच शोधू नये. संदेश आपल्या बाजूचा आहे, एवढ्याने तो खरा ठरत नाही. ज्या मोहल्ल्याची वार्ता, तेथल्या परिचिताला एक दूरध्वनी करावा, सकाळच्या वृत्तपत्राची वाट पाहावी. एवढ्याने कोणतेही कार्य अडत नाही.

गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. स्वच्छता आधी, उपदेश नंतर. वऱ्हाडातील प्रत्येक घराने तो खराटा आता हातातल्या पडद्यावर फिरवावा.