मनगटाची साक्ष

फुटबॉल खेळून मुलाचे पोट भरणार काय, हा प्रश्न ज्या घरात एकदाही विचारला गेला नाही असे मराठी घर आमच्या पाहण्यात नाही. इंदूर-बडोद्याकडील असो, हैदराबादेतील असो अथवा आमच्या बेळगाव-निपाणीकडील असो, दहावीचे वर्ष उगवले की बाप चेंडू माळ्यावर टाकतो आणि आई उसासा सोडते. त्या प्रश्नाला आज आम्ही हात घालणार नाही. त्याच्याही आधीचा एक प्रश्न आमच्या मनात आहे, आणि तो विचारण्यापूर्वी वाचकांस आपल्या देशाच्या कुमार फुटबॉल संघाची थोडी हकीकत सांगितली पाहिजे.

आशियातील कुमारांची फुटबॉल स्पर्धा १९५९ साली मलायात, क्वालालंपूर येथे सुरू झाली. तिची सोळावी खेप १९७४ च्या एप्रिलमध्ये बँकॉकला भरली. त्या काळी आशियाच्या कुमार फुटबॉलमध्ये इराणचा दबदबा असा की १९७३ ते १९७६ ही सलग चार वर्षे विजेत्यांत त्या देशाचे नाव आहे. अशा इराणशी ३० एप्रिल १९७४ रोजी अंतिम सामन्यात आपल्या मुलांची गाठ पडली. कर्णधार हैदराबादचे शब्बीर अली आणि प्रशिक्षक अरुण घोष. हे घोष म्हणजे १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघातले. सामना २–२ असा बरोबरीत सुटला आणि दोन्ही देश संयुक्त विजेते ठरले. आशियाच्या अजिंक्यपदावर आपल्या कुमारांनी नाव कोरले ते त्या एकाच वेळी. आज त्या गोष्टीस पन्नासहून अधिक वर्षे लोटली, तरी त्या ओळीखाली दुसरी ओळ लिहिली गेलेली नाही.

१९७७ पासून कुमारांची जागतिक स्पर्धा सुरू झाली. पहिली ट्युनिशियात झाली. आशियाई स्पर्धा ही मग त्या मोठ्या स्पर्धेची पायरी बनली. ही पायरी आपला वीस वर्षांखालील संघ आजतागायत चढलेला नाही. त्याहून लहान मुलांनी मात्र दोनदा दार ठोठावले. सोळा वर्षांखालील आशियाई स्पर्धेत २००२ साली आपण उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत गेलो, आणि २०१८ साली मलेशियात पुन्हा गेलो. या दुसऱ्या वेळी प्रशिक्षक होते गोव्याचे बिबियानो फर्नांडिस. व्हिएतनामला १–० असे हरवून, इराण आणि इंडोनेशिया यांना गोल करू न देता आपली मुले दक्षिण कोरियासमोर उभी राहिली. तो सामना जिंकला असता तर पुढील वर्षीच्या जागतिक स्पर्धेचे तिकीट हाती होते. कोरियाने एक गोल केला, आणि सबंध स्पर्धेत आपल्यावर झालेला तो एकच गोल पुरेसा ठरला.

जागतिक स्पर्धेत आपली मुले उतरली ती २०१७ साली, सतरा वर्षांखालील गटात, आणि तीही यजमान या नात्याने. दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी, कोची, गोवा आणि नवी मुंबई अशा सहा ठिकाणी चोवीस देश खेळले. तेरा लाखांवर प्रेक्षकांनी ते सामने मैदानात बसून पाहिले. या गटाच्या स्पर्धेतील तो उच्चांक ठरला. आपले तिन्ही सामने दिल्लीस झाले. अमेरिकेने ३–० आणि घानाने ४–० असे हरविले. या दोन पराभवांच्या मध्ये, ९ ऑक्टोबरला, कोलंबियाशी सामना झाला. एका गोलने मागे असताना ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिन याने कॉर्नर मारला आणि मणिपूरच्या जॅक्सन सिंगने उसळी घेऊन डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. फुटबॉलच्या कोणत्याही गटातील विश्वचषक स्पर्धेतील भारताचा हा पहिला गोल. स्टेडियम हर्षाने वेडे झाले, आणि ते शुद्धीवर येण्यापूर्वीच कोलंबियाने दुसरा गोल करून सामना २–१ असा जिंकला.

त्या एकवीस जणांच्या चमूत आठ मुले एकट्या मणिपूरची होती. पण आमच्या वाचकांना जवळची वाटावी अशीही काही नावे त्यात होती. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा, सामान्य घरातला, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला मुलगा. नमित देशपांडे हा अमेरिकेत वाढलेल्या मराठी कुटुंबातला. आणि ज्याच्या कॉर्नरवर गोल झाला तो संजीव, तसाच बचावफळीतला हेन्री अँटनी, हे दोघे आपल्या कर्नाटकाचे. सीमेवरच्या माणसास हे वाचून एक गंमत वाटते. ज्या दोन राज्यांच्या कज्जात आमच्या तीन पिढ्या सरल्या, त्या दोन्ही राज्यांची मुले एका रंगाचा सदरा घालून एकाच जाळ्याकडे धावत होती.

पुढची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये स्पेनमधील एका स्पर्धेत भारताच्या वीस वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाच्या वीस वर्षांखालील संघास २–१ असे हरविले. अर्जेंटिनाचे प्रशिक्षक होते लिओनेल स्कालोनी, ज्यांनी पुढे २०२२ साली आपल्या देशास विश्वचषक जिंकून दिला. त्या सामन्यात ५४ व्या मिनिटाला आपल्या एका खेळाडूस लाल कार्ड मिळाले आणि उरलेला वेळ दहा जणांनी झुंज दिली. बाहेर गेलेला तो मुलगा म्हणजे आपला अनिकेत. तेथे तो संपला नाही. २०२२ साली तो हैदराबादच्या संघातर्फे इंडियन सुपर लीगचा विजेता झाला आणि त्याच वर्षी देशाच्या वरिष्ठ संघातर्फेही खेळला.

आता एवढा पट मांडल्यावर सहजच मनात येते की १९७४ च्या शिखरानंतर इतकी लांब दरी का पडावी? कारणे अनेक सांगता येतील. मैदाने कमी, प्रशिक्षक कमी, लहान वयात नियमित सामने कमी. ही कारणे खरीच आहेत, आणि त्यांवर आमच्यासारख्या शाळामास्तराचा इलाज चालत नाही. परंतु एक कारण असे आहे की जे आमच्याच टेबलावर, आमच्याच लेखणीच्या टोकाशी येऊन बसते. ते म्हणजे मुलाची जन्मतारीख.

कुमार संघ याचा अर्थच मुळी वयाची अट. ती अट काढली तर मागे केवळ एक दुबळा वरिष्ठ संघ उरतो. २०१७ च्या स्पर्धेस १ जानेवारी २००० रोजी अथवा त्यानंतर जन्मलेलाच मुलगा चालणार होता. आणि तारखेची ही रेघ पुसण्याचा मोह केवळ आपल्याकडेच होतो असेही नाही. मेक्सिकोने १९८९ च्या कुमार विश्वस्पर्धेच्या पात्रता फेरीत वयाने मोठे खेळाडू खेळविले. ते उघडकीस येताच त्या देशावर दोन वर्षांची बंदी आली. ती केवळ कुमारांपुरती राहिली नाही. १९८८ चे ऑलिंपिक गेले आणि १९९० चा विश्वचषकही गेला. चार पोरांचे वय चोरले आणि साऱ्या देशाचे फुटबॉल घरी बसले.

कागद खोटे बोलतो हे ध्यानात आल्यावर जागतिक संघटनेने हाडांना विचारावयाचे ठरविले. मनगटापाशी हाताच्या हाडाच्या टोकाला वाढीचा एक मऊ थर असतो. वय वाढते तसा तो भरून येतो आणि अखेरीस हाड सलग होते. सतराच्या आतील मुलाच्या मनगटात तो पूर्णपणे भरून येणे अतिशय विरळा. म्हणून २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वस्पर्धेत मनगटाची एमआरआय तपासणी सुरू झाली. त्या वर्षी यजमान असलेल्या नायजेरियाला स्पर्धेच्या तोंडावर आपले बरेच खेळाडू वगळावे लागले. आपल्या देशातही आता कुमार खेळाडूंची हाडे तपासतात. मनगटाच्या जोरावर राज्य मिळविल्याच्या गोष्टी आपण मुलांना सांगत आलो. आता तेच मनगट साक्षीला उभे राहते, आणि त्याची साक्ष फिरविता येत नाही.

आमच्या पिढीतील कित्येकांचा वाढदिवस १ जून रोजी येतो, हे वाचकांनी आपल्या घरातही पाहिले असेल. आईला आठवत असे ते एवढेच, की पोर मृगाच्या आगेमागे झाले, नाही तर अमक्या वर्षीच्या जत्रेत झाले. गुरुजींनी शाळा उघडण्याच्या हिशेबाने एक तारीख लिहून टाकली, आणि तीच जन्माची सोबतीण झाली. त्यात कपट नव्हते, निरक्षर काळाची ती अडचण होती. आज ती अडचण राहिलेली नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांस तर जन्मनोंदीचा दाखला हाच शाळाप्रवेशापासून नोकरीपर्यंत आधाराचा कागद ठरविला आहे. तरीही आमच्यासमोर पालक येऊन बसतात आणि अर्ध्या आवाजात म्हणतात, “सर, एक वर्ष कमी धरा. खेळात निवड होईल, पुढे नोकरीतही एक वर्ष जास्त मिळेल.” आम्ही नाही म्हणतो तेव्हा त्यांचा राग आम्हांस समजतो. त्यांच्या लेखी ते चोरी करीत नसतात, लेकराच्या पानात एक घास जास्त वाढीत असतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेचा संघ तालुक्याच्या अंतिम सामन्यात हरला. समोरच्या संघातील दोघांना दाढी करून मैदानात यावे लागत असावे, हे काठावरच्या लहान पोरांनाही दिसत होते. आमचा सर्वांत चपळ मुलगा त्यांच्या धक्क्याने तीनदा पडला. सामन्यानंतर तो रडला नाही; त्याने एवढेच विचारले, “सर, मी आणखी दोन वर्षे सहावीत राहिलो तर?” एका खोट्या तारखेने त्या मुलाला काय शिकविले, याचा हिशेब कोणत्याही गुणतक्त्यात मांडता येणार नाही. त्या वर्षापासून त्याने फुटबॉल सोडला.

येथे आमचा मुद्दा आहे. वय चोरणारा मुलगा ढाल जिंकतो, पण त्यासोबत दोन दारे बंद करतो. पहिले दार त्या खऱ्या लहान मुलाचे, ज्याची जागा त्याने घेतली. दुसरे त्याचे स्वतःचे. कारण तालुक्यात ताकदीवर जिंकणारा पुढे हाडांच्या तपासणीत अडतो, आणि तेथून सुटलाच तर विशीत बरोबरीच्यांसमोर उघडा पडतो. ताकद उसनी असते; चेंडूवरचा ताबा उसना मिळत नाही. कोलंबियाविरुद्ध गोल करणारा जॅक्सन २००१ साली जन्मलेला, म्हणजे त्या स्पर्धेच्या मर्यादेहून वर्षाने लहान होता, ही गोष्ट प्रत्येक पालकाने वहीत लिहून ठेवावी.

आम्हां सीमेवरच्यांची आणखी एक अडचण आहे. निपाणीहून कोल्हापूर चाळीसएक किलोमीटर. संस्थानी काळापासून तेथे फुटबॉल रुजलेला आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा यांसारख्या तालमींचे संघ भिडतात, तेव्हा पेठाच्या पेठा जागच्या हलतात. आमची मुले तेथे जाऊन सामने पाहतात, खेळ शिकतात. पण निवडीची वेळ आली की आमच्या शाळांची वाट बेळगावावरून बेंगळुरूकडे जाते. जन्मदाखला कन्नडात, शाळेची नोंद मराठीत, आधारपत्रावर तिसरेच स्पेलिंग. नावात एक काना इकडचा तिकडे झाला की प्रामाणिक मुलगाही संशयित ठरतो. म्हणून आमची विनंती अशी, की पहिलीच्या प्रवेशादिवशीच जन्मनोंदीचा दाखला समोर ठेवून नाव आणि तारीख दोन्ही भाषांत ताडून घ्यावी, आणि सर्व कागद एकसारखे करून ठेवावेत. निवडीच्या आदल्या रात्री धावपळ करून हे साधत नाही.

मुलींच्या बाबतीतही हेच. २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींची विश्वस्पर्धा आपल्या देशात झाली. आपल्या मुली अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझील या तिघांकडून हरल्या, अमेरिकेकडून तर ८–० अशा. पण त्या जागतिक मैदानावर उतरल्या. शाळेच्या मैदानात मुलींसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी राखून ठेवायला कोणत्याही सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

असो. हरणाऱ्या संघाची थट्टा करणे सोपे असते. पण २०२५ च्या नोव्हेंबरात अहमदाबादेस आपल्या सतरा वर्षांखालील मुलांनी इराणला २–१ असे हरवून आशियाई स्पर्धेत प्रवेश मिळविला, तेव्हा १९७४ च्या त्या बरोबरीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. दरी भरून निघेल ती अशाच एकेका पावलाने. त्यातले पहिले पाऊल दिल्लीत अथवा बँकॉकमध्ये पडत नाही. ते शाळेच्या प्रवेश-पुस्तकात, एका मुलाच्या नावापुढे लिहिलेल्या खऱ्या तारखेत पडते. ती तारीख घरातून खरी यावी, एवढेच आम्ही पालकांकडे मागतो. ती तशीच खरी उतरविणे हे आमचे काम.